हाडाच्या कॅन्सरमध्ये रक्तवाहिन्यांना बिलगलेल्या पेशी नक्की कुणाच्या बाजूच्या?

मृद्गंध
नमस्कार मंडळी. मी जीवशास्त्र शिकवते. केशवाहिनी म्हणजे पेशींचा एकच थर, इतकं सांगून आम्ही पुढे सरकतो. कॅन्सरचा विषय निघाला की ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलेली कल्पनाही सांगते: गाठीला एक-दोन मिलिमीटरच्या पलीकडे वाढायचं तर नव्या रक्तवाहिन्या लागतात, त्या येऊ दिल्या नाहीत तर गाठ उपाशी राहील.

परवा एका मुलीने विचारलं, ऑस्टिओसार्कोमाच्या, म्हणजे हाडाच्या एका कॅन्सरच्या, गाठीत तर रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, मग रक्तपुरवठा तोडून तो बरा का होत नाही? उत्तर शोधताना पेरिसाइट नावाच्या पेशी भेटल्या. केशवाहिनीच्या बाहेरून तिला धरून बसणाऱ्या. एका ठिकाणी वाचलं, त्या कॅन्सरला मदत करतात. दुसरीकडे, त्या काढल्या तर कॅन्सर जास्त पसरतो. तिसरीकडे तर हाडाचा कॅन्सर त्यांच्यातूनच सुरू होतो! तिन्ही एकाच वेळी खरं असू शकतं का? जाणकारांनी लिहावं. वर्गात अर्धवट सांगायचं नाहीये.

रामप्रहर
चांगला धागा. माझा पास, वाचायला बसलोय.

पेशीपाल
माझं संशोधन याच पेशींच्या आसपासचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१८७३ मध्ये चार्ल्स रूजे यांनी या पेशींचं वर्णन केलं, पेरिसाइट हे नाव १९२३ मध्ये त्सिमरमान यांनी दिलं. नळी हाताने धरताना बोटं जशी भोवती पसरतात, तसे या पेशींचे लांब फाटे केशवाहिनीभोवती असतात. आतलं अस्तर म्हणजे एंडोथेलियम आणि पेरिसाइट एकाच बेसमेंट मेंब्रेनमध्ये, म्हणजे वाहिनीभोवतीच्या पातळ आवरणात, असतात, मध्ये मध्ये एकमेकांना थेट चिकटलेल्याही असतात. सगळीकडे त्या सारख्या नसतात. डोळ्याच्या पडद्यात अस्तराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीमागे एक पेरिसाइट, तर हातापायाच्या स्नायूंत शंभरामागे एक.

कोवळ्या वाहिनीचं अस्तर पीडीजीएफ-बी नावाचं प्रथिन सोडतं. पेरिसाइटवर त्याचा ग्राहक (रिसेप्टर) असतो, त्या ओढीने ती जवळ येते आणि वाहिनी पक्की होते. १९९७ मध्ये हे प्रथिन नसलेले उंदीर तपासले, तर त्यांच्या केशवाहिन्यांना पेरिसाइटच नव्हत्या. वाहिन्या जागोजागी फुगल्या होत्या, रक्तस्राव झाला होता. पिल्लं जन्माच्या आसपासच दगावली.

म्हणजे मूळ काम वाहिनी गळू न देणं, तिला आवर घालणं. कॅन्सरच्या गाठीत हेच काम बिघडतं.

स्लाइडवाली
पेशीपाल यांचं वर्णन मी रोज डोळ्यांनी बघते, मी पॅथॉलॉजीत आहे. ऑस्टिओसार्कोमाचं निदान आम्ही ऑस्टिऑइडवर करतो. कॅन्सरच्या पेशींनी स्वतः घातलेली गुलाबी, जाळीदार, अर्धकच्च्या हाडाची वीण. ती दिसली की बाकी शंका फिटतात.

त्याच तुकड्यावर दोन रंगांची तपासणी केली, सीडी३४ ने अस्तर तपकिरी आणि एसएमए ने पेरिसाइट लाल, तर फरक कुणालाही कळेल. शेजारच्या निरोगी भागात तपकिरी गोल आणि त्याला घट्ट चिकटलेले लाल तुकडे. गाठीत शिरलं की तपकिरी रेघ वेडीवाकडी होते, मध्येच तुटते. लाल पेशी असतात, बऱ्याचदा भरपूर असतात, पण एक टोक वाहिनीला आणि दुसरं टोक सुटून बाहेर गाठीत गेलेलं. कुठे लाल पेशींना वाहिनीच नाही. संख्या मोजून उपयोग नाही, पकड बघावी लागते.

टेलॅंजिएक्टॅटिक नावाचा ऑस्टिओसार्कोमाचा एक प्रकार आहे, त्यात रक्ताने भरलेल्या पोकळ्याच पोकळ्या असतात. तो एक्स-रेवर साध्या रक्तगाठीसारखा दिसून चकवू शकतो. त्या पोकळ्यांच्या भिंतींत कॅन्सरच्या पेशी शोधण्यात माझी अख्खी दुपार जाते. पण ते काम मला फार आवडतं.

उगवती
संख्या नाही, पकड. हे वाक्य वहीत लिहून घेतलं.

मृद्गंध
स्लाइडवाली ताई, फार सुंदर लिहिलंत. पकड सुटली तर नुकसान काय? वाहिनी गळली तर गाठीलाच त्रास व्हायला हवा ना?

पेशीपाल
होतो ना, आणि तो त्रासच आपल्याला महागात पडतो. वाहिनी गळकी झाली की बाहेरचा दाब वाढतो, रक्त पुढे सरकत नाही, गाठीच्या आत प्राणवायू कमी पडतो. प्राणवायू कमी म्हणून पेशी मरतातच असं नाही. ज्या तगतात त्या जास्त फिरत्या होतात. केमोचं औषधही आत नीट पोचत नाही, रेडिएशनलाही प्राणवायू लागतो.

२०१२ मध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या उंदरांवर एक प्रयोग झाला. पेरिसाइट मुद्दाम मारून टाकल्या. मूळ गाठ लहान झाली, आणि फुप्फुसात पसरलेल्या गाठी वाढल्या. नुसती मूळ गाठ मोजली असती तर औषध यशस्वी ठरवून मोकळे झालो असतो.

राकेश जैन यांनी २००१ पासून मांडलेला विचार इथेच येतो. वाहिन्या तोडू नका, थोडा काळ सुधारा. वाहिन्या रोखणारं औषध बेताच्या मात्रेत दिलं की कच्च्या वाहिन्या गळून पडतात, उरलेल्यांना पेरिसाइट पुन्हा बिलगतात, त्या खिडकीत केमो दिली तर ती आत पोचते. मात्रा जास्त झाली की खिडकी बंद.

काठावरचा
मला हे जरा जास्तच गोंडस वाटतं. उंदरांत सगळं होतं हो. माझ्या सख्ख्या भावाला ऑस्टिओसार्कोमा झाला होता, आम्ही मेथोट्रेक्सेट, डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन या तिघांवर वर्ष काढलं. ही औषधं सत्तर-ऐंशीच्या दशकातली. इतक्या वर्षांत वाहिन्यांवर एवढं संशोधन झालं, त्यातलं रुग्णाच्या हातात काय पडलं? माझा रोख कुणावर नाही, पण घरात रुग्ण असला की प्रश्न हाच असतो.

हाडवैद्य
काठावरचा, प्रश्न अगदी रास्त आहे. मी हाडांच्या गाठींच्या शस्त्रक्रिया करतो. सत्तरच्या दशकाआधी नुसता पाय कापूनही वीस टक्क्यांहून कमी मुलं वाचत, कारण निदानाच्या वेळीच फुप्फुसात न दिसणारे कण गेलेले असत. तुम्ही लिहिलेल्या तीन औषधांनी, रोग एका जागी असेल तर, पाच वर्षं जगण्याचं प्रमाण साठ-सत्तर टक्क्यांवर नेलं आणि आज बहुतेकांचा पायही वाचतो. त्यानंतर मात्र आकडा जवळजवळ हललेला नाही.

वाहिन्यांवरचं पहिलं गाजलेलं औषध बेवासिझुमॅब. ते ऑस्टिओसार्कोमात या केमोसोबत जोडून पाहिलं गेलं. गाठ मरण्याचं प्रमाण अपेक्षेइतकं वाढलं नाही, शस्त्रक्रियेच्या जखमेच्या तक्रारी मात्र वाढल्या. आमच्या शस्त्रक्रियेत मांडीच्या हाडाचा मोठा तुकडा काढून धातूचा सांधा बसवतात. वरची त्वचा वेळेत भरली नाही तर आत जंतुसंसर्ग, आणि मग वाचवलेला पाय जाऊ शकतो. जखम भरायलाही नव्या वाहिन्याच लागतात.

रेगोराफेनिबची गोष्ट वेगळी आहे. ही गोळी व्हीईजीएफच्या (नव्या वाहिन्या वाढवणाऱ्या प्रथिनाच्या) ग्राहकांसोबत पेरिसाइटवरचा पीडीजीएफचा ग्राहकही अडवते. पसरलेल्या आणि केमो थकलेल्या ऑस्टिओसार्कोमात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच चाचणीत आठ आठवड्यांनी गोळी घेणाऱ्या २६ पैकी १७ जणांचा रोग थांबलेला होता, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्या १२ पैकी एकाचाही नाही. आकडे लहान आहेत. आणि हा परिणाम काही महिन्यांचा असतो, कायमचा नाही. पण दुसरं फारसं काही हाताशी नसताना ते महिने मोलाचे असतात.

काठावरचा
धन्यवाद डॉक्टर. हे कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं. भाऊ आता बरा आहे, चालतो, गाडी चालवतो.

उगवती
बातमी ऐकून बरं वाटलं. भावाला शुभेच्छा.

नीलमोहर
मृद्गंध यांचा तिसरा मुद्दा सगळ्यांनी सोडूनच दिला. कॅन्सर पेरिसाइटमधून सुरू होतो का? आधार देणारी पेशी हाड कशाला बनवेल?

पेशीपाल
वाटच बघत होतो या प्रश्नाची.

हाडाच्या मगजात रुंद, पातळ भिंतींच्या वाहिन्या असतात. त्यांच्या बाहेर सीडी१४६ ही खूण असलेल्या पेशी बसलेल्या असतात. २००७ मध्ये माणसाच्या मगजातून त्या वेगळ्या काढून उंदरांच्या कातडीखाली ठेवल्या. तिथे हाड तयार झालं. नंतर त्यात मगज आला, वाहिन्या आल्या, रक्त तयार होऊ लागलं. त्यातल्या काही पेशी पुन्हा नव्या वाहिन्यांना बिलगून बसल्या. म्हणजे हाडातली ही पेशी आधार तर देतेच, शिवाय हाड घडवायचं कसबही तिच्यात आहे.

आता २०१६ चा प्रयोग. उंदरांत एनजी२ ही पेरिसाइटची खूण असलेल्या पेशींमधून पी५३ हे कॅन्सर रोखणारं जनुक काढून टाकलं. त्या उंदरांना हाडाचे आणि मऊ ऊतींचे सार्कोमा झाले. पी५३ सदोष असलेल्या ली-फ्रॉमेनी कुटुंबांतल्या मुलांनाही ऑस्टिओसार्कोमा होतो, हे आधीपासून माहीत आहे. माझं मत स्पष्ट सांगतो: निदान काही ऑस्टिओसार्कोमा वाहिनीला चिकटलेल्या पेशीतून सुरू होत असणार.

स्लाइडवाली
इथे मी असहमत. एनजी२ फक्त पेरिसाइटवर असतं थोडंच? हाडाच्या आणि कूर्चेच्या तरुण पेशींवरही असतं. दुसरं, २००८ मध्येच हाड बनवायला निघालेल्या पेशींमधून पी५३ आणि आरबी हे तसंच दुसरं जनुक काढून उंदरांत हुबेहूब ऑस्टिओसार्कोमा करून दाखवला आहे. तिथे पेरिसाइटला मध्ये आणायची गरज पडली नाही. आणि २०१७ चं कामही विसरू नका. पेरिसाइटना खूण करून म्हातारपणापर्यंत आणि इजेनंतरही त्यांचा माग काढला, त्यांनी दुसऱ्या कसल्याही पेशी बनवल्या नाहीत. बशीत त्या वाट्टेल ते करतात, शरीरात आपल्या जागी बसून असतात.

पेशीपाल
ताई, २०१७ च्या कामात हृदय, मेंदू, स्नायू, चरबी पाहिली होती. हाड नव्हतं. हाडातल्या पेशींना स्नायूतल्या पेशींचा कायदा लावता येणार नाही. एनजी२ बद्दलची हरकत मान्य, ती बाजूला सारता येत नाही.

रामप्रहर
दोघांचं भांडण इतकं चांगलं चाललंय की मध्ये बोलायला नको वाटतं. चालू द्या.

हाडवैद्य
भांडणात माझाही एक मुद्दा. हा रोग कुठे आणि कधी होतो ते बघा. वाढीच्या वयात, गुडघ्याच्या वर किंवा खाली, नाहीतर खांद्यापाशी दंडाच्या हाडात. हाडं सगळ्यात वेगाने लांब होतात ती हीच ठिकाणं. गाठ बहुधा वाढीच्या चकतीलगतच्या भागात, मेटाफिसिसमध्ये.

२०१४ मध्ये अंजली कुसुम्बे, सरवना रामसामी आणि राल्फ अॅडम्स यांच्या गटाने उंदरांच्या हाडात नेमक्या याच भागात एक वेगळी केशवाहिनी दाखवली, टाइप एच. तिच्याभोवती हाड बनवणाऱ्या मूळ पेशींची गर्दी असते आणि वय वाढलं की ती कमी होत जाते. वाहिनी, तिला बिलगलेल्या पेशी आणि नवं हाड तिथे एकत्र वाढतात. पेशी सतत दुभंगत असतात. चूक व्हायची शक्यता तिथेच जास्त, हे मला पटतं. चूक झाली ती पेशी बिलगलेली होती की वाहिनी सोडून हाड घालायला निघाली होती, हे शल्यकर्माच्या टेबलावर कळत नाही. कदाचित एकाच पेशीच्या दोन अवस्था असतील.

स्लाइडवाली
दोन अवस्था म्हणत असाल तर माझी हरकत बरीचशी मावळते.

नीलमोहर
अवांतर: हिमँजिओपेरिसायटोमा नावाची गाठ ऐकली होती. ती पेरिसाइटची ना?

स्लाइडवाली
नावावरून तसंच वाटतं. १९४२ मध्ये स्टाउट आणि मरे यांनी ते नाव दिलं, कारण गाठीत हरणाच्या शिंगांसारख्या फाटे फुटलेल्या वाहिन्या आणि भोवती पेशी. पण तशा वाहिन्या कितीतरी गाठींत दिसतात. २०१३ मध्ये त्यातल्या बहुतेकींत एनएबी२ आणि एसटीएटी६ ही दोन जनुकं जुळलेली सापडली, आणि त्या आता सॉलिटरी फायब्रस ट्यूमरमध्ये मोजल्या जातात. वाहिनीशेजारी बसलेली प्रत्येक पेशी पेरिसाइट नसते. मघाशी एनजी२ वर अडून बसले ते त्यासाठीच.

उगवती
यूइंग सार्कोमा या हाडाच्या दुसऱ्या कॅन्सरमध्येही असंच असतं का? माझी मैत्रीण मुलाच्या उपचारात अडकली आहे, तिच्यासाठी विचारते.

पेशीपाल
यूइंग निराळा आहे. बहुतेक रुग्णांत त्याच्या मुळाशी ईडब्ल्यूएसआर१ आणि एफएलआय१ या जनुकांची जोडणी असते, उंदरांत पी५३ काढून तो होत नाही. वाहिन्यांपुरतं बोलायचं तर उंदरांतल्या यूइंगच्या गाठीत वाहिन्या आणि त्यांच्या पेरिसाइट काही प्रमाणात मगजातून आलेल्या पेशींपासून बनतात. डीएलएल४ हा संकेत अडवला की पेरिसाइट नीट बनत नाहीत आणि गाठीच्या वाहिन्यांची बांधणी ढासळते. मैत्रिणीला मात्र यातलं काही सांगू नका, निदान आज. यूइंगमध्ये केमो वेळापत्रकानुसार होणं हे सगळ्यात महत्त्वाचं.

उगवती
सांगत नाही. फक्त केमोच्या तारखा चुकू नयेत एवढं मनावर घेते.

मृद्गंध
आणि दुसऱ्या अवयवातून हाडात येणारे कॅन्सर? प्रौढांत तर हाडाच्या स्वतःच्या कॅन्सरपेक्षा तेच कितीतरी जास्त.

पेशीपाल
तिथलं एक काम मला फार शिकवून गेलं. प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या हाडातल्या गाठींत पीडीजीएफचा ग्राहक अडवायचा, सोबत केमो द्यायची. उंदरांत निकाल इतके चांगले आले की माणसांवर इमॅटिनिब आणि डोसिटॅक्सेलची रीतसर चाचणी झाली, २००७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. नुसत्या डोसिटॅक्सेलपेक्षा काही फायदा झाला नाही.

दुसरं २०१३ चं. स्तनाच्या कॅन्सरच्या सुट्या पेशी मगजात आणि फुप्फुसात छोट्या वाहिन्यांना चिकटून वर्षानुवर्षं निपचित पडू शकतात. स्थिर वाहिनीतून थ्रॉम्बोस्पॉन्डिन-१ नावाचं प्रथिन मिळत असतं, त्याने त्या झोपून राहतात. वाहिनीला नवा कोंब फुटला की त्या टोकाशी वातावरण बदलतं आणि त्या जाग्या होतात.

काठावरचा
म्हणजे वाहिनी शांत ठेवणं हाच उपचार? मघाशी गोंडस म्हणालो त्याचा अर्थ आता वेगळ्या बाजूने लागतोय. पेरिसाइट मारायचं औषध शोधण्यापेक्षा ती पुन्हा धरून बसेल असं काही शोधायला हवं.

पेशीपाल
मला तर तीच दिशा बरोबर वाटते. अडचण अशी की ‘धरून बस’ आणि ‘वाहिनी सोडून हाड घाल’ हे दोन्ही संकेत हाडात एकमेकांच्या अगदी शेजारी आहेत. एक वाढवताना दुसरा वाढू नये, यावरच आमच्याकडचे बरेच प्रयोग अडतात. पीडीजीएफ-बी प्रमाणाबाहेर असलेल्या गाठींत तर पेरिसाइट उलट वाहिनी सोडते आणि फायब्रोब्लास्टसारखी (जोडऊती बनवणाऱ्या पेशीसारखी) वागायला लागते, हेही उंदरांत दाखवलंय.

मृद्गंध
उद्या वर्गात असं सांगणार आहे: रक्तपुरवठा तोडला की उरलेल्या पेशी उपाशी मरतातच असं नाही, काही पळतात. गाठीतल्या वाहिन्या मुळातच अर्धवट बांधलेल्या, कारण आधारपेशींची पकड सुटलेली. आणि हाडात आधार देणारी पेशी आणि हाड बनवणारी पेशी इतक्या जवळच्या आहेत की रोग नेमका कुणापासून सुरू होतो यावर जाणकारांत मतभेद आहेत. चालेल?

स्लाइडवाली
चालेल. मतभेदाचं वाक्य गाळू नका, मुलांना तेच जास्त आवडेल. दोन रंगांच्या स्लाइडचा फोटो, रुग्णाची कुठलीही ओळख नसलेला, व्यक्तिगत निरोपातून पाठवते. निरोगी आणि गाठीतली वाहिनी शेजारी शेजारी ठेवून आधी मुलांनाच फरक विचारा.

नीलमोहर
एक शेवटचं. बायोप्सीच्या रिपोर्टात ही पकड लिहून येते का? उपचार त्यावर ठरतो का?

स्लाइडवाली
नाही. रोजच्या रिपोर्टात ती नसते. प्रकार, ग्रेड, शस्त्रक्रियेनंतर कडा मोकळ्या आहेत का आणि केमोने गाठीचा किती भाग मेला, हे बघा. नव्वद टक्के किंवा जास्त मेला असेल तर चांगला प्रतिसाद धरतात.

हाडवैद्य
यात एक भर. वाहिन्यांवरची औषधं चालू असतील तर शस्त्रक्रियेआधी, दात काढण्याआधीसुद्धा, डॉक्टरांना सांगा. बेवासिझुमॅब असेल तर ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर किमान २८ दिवसांचं अंतर, आणि जखम पूर्ण भरल्याशिवाय पुन्हा सुरू नाही. गोळ्यांमध्ये रक्तदाब घरी मोजत राहा, तळहात-तळपाय लाल होऊन सोलायला लागले तर लगेच कळवा. फुप्फुसात गाठी असलेल्यांना अशा गोळ्यांवर अचानक दम लागला किंवा छातीत एका बाजूला कळ आली तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, फुप्फुसाबाहेर हवा साठलेली असू शकते, त्याच दिवशी एक्स-रे काढून घ्या.

काठावरचा
डॉक्टर, हा प्रतिसाद धाग्याच्या वर डकवता येईल का? संपादकांना विनंती करतो.